सिव्हिल लाइन्सच्या हद्दीवरचा झेंडा

१९२३ सालच्या उन्हाळ्यात नागपुरात एकाच झेंड्याला दोन कायदे होते. महाल, इतवारी या जुन्या वस्तीत चरख्याचा झेंडा हाती घेऊन मिरवणूक काढली तर पोलीस नुसते बघत उभे राहत. तीच मिरवणूक सीताबर्डी ओलांडून सिव्हिल लाइन्सच्या हद्दीत शिरू लागली की फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ आडवे यायचे आणि झेंडा धरणारा हात गुन्हेगाराचा ठरायचा. सिव्हिल लाइन्स म्हणजे मध्य प्रांताच्या सरकारची वस्ती. साहेबांचे बंगले, कचेऱ्या, मोठमोठी झाडे आणि रुंद रस्ते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पाडाव झाल्यापासून टेकडीवरच्या किल्ल्यात इंग्रजी फौज होती, आणि तिच्या सावलीत ही वस्ती वाढली. तिथल्या रहिवाशांना हा झेंडा बघून त्रास होईल, शांतता बिघडेल, हे सरकारने दिलेले कारण होते.

त्या हद्दीवर १ मे ते १८ ऑगस्ट असे ११० दिवस जे घडले त्याला इतिहासात झेंडा सत्याग्रह म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तो चार ओळींत उरकतो. चंपारण, खेडा, बार्डोली, दांडी ही नावे मुलांना पाठ असतात, नागपूरचे नसते. मला ही उणीव सलते. आज जो तिरंगा आपण मान ताठ करून बघतो, त्याला पहिल्यांदा किंमत मोजली गेली ती या शहरातल्या रस्त्यावर. त्या वेळी तो झेंडा आजच्यासारखा दिसतही नव्हता, आणि कोणत्याही अधिवेशनाने त्याला रीतसर मान्यता दिलेली नव्हती.

दिसायला तो असा होता: वर पांढरा पट्टा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. कापड हातसुताचे, म्हणजे खादीच. त्याची जन्मकथा १९२१ ची. मार्च अखेरीस बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली होती. मच्छलीपट्टणमचे पिंगली वेंकय्या कित्येक वर्षे राष्ट्रध्वजाच्या विचाराने झपाटलेले होते. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी लाल आणि हिरव्या रंगांचा नमुना तयार करून दिला. झेंड्यावर चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. इतर सर्व धर्मीयांसाठी पांढरा पट्टा हवा, असे गांधीजींनी नंतर सुचवले. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सर्वांचा, आणि ज्यांची संख्या सर्वांत कमी त्यांचा रंग सर्वांत वर. संख्येने मोठे असलेल्यांनी तळाला राहून वरच्यांना पेलायचे, अशी ती मांडणी होती. रंग पुढे बदलले, त्यांचे अर्थही बदलले, पण या मांडणीमागचा विचार मला आजही फार मोठा वाटतो.

त्याआधी झेंडे झाले नव्हते असे नाही. १९०७ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला मादाम कामांनी ‘वंदे मातरम्’ लिहिलेला झेंडा फडकवला, तो आज पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. होमरूलच्या दिवसांत ॲनी बेझंट आणि टिळकांच्या चळवळीने लाल-हिरव्या पट्ट्यांचा, सप्तर्षींच्या ताऱ्यांचा झेंडा वापरला. त्याच्या कोपऱ्यात मात्र युनियन जॅक होता. चरख्याच्या झेंड्यावर इंग्रजांची एकही खूण नव्हती आणि तो खेड्यातल्या माणसालाही विणता येत होता. सरकारला तो खुपला यात नवल नाही.

ठिणगी पडली ती जबलपूरला. काँग्रेसच्या पुढाऱ्यांचे स्वागत करताना तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर हा झेंडा लावला गेला. बातमी थेट लंडनला पोहोचली. पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला आणि सरकारी इमारतींवर असे पुन्हा होऊ दिले जाणार नाही, असे आश्वासन दिले गेले. हजारो मैलांवरच्या सभागृहाला एका गावच्या टाऊन हॉलवरचे कापड खुपावे, यावरूनच त्या कापडाचे वजन कळते. मार्च १९२३ मध्ये पुन्हा झेंडा लावायचा घाट घातला गेला तेव्हा अधिकाऱ्यांनी तो मोडून काढला. १८ मार्चला, म्हणजे गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाल्याच्या पहिल्या वर्षदिनी, पंडित सुंदरलाल झेंडा घेऊन निघाले आणि तुरुंगात गेले.

गांधीजी तेव्हा येरवड्यात होते, हे विसरून चालणार नाही. चौरीचौऱ्यानंतर असहकाराची चळवळ थांबली होती आणि पुढे काय करायचे यावर काँग्रेस दुभंगली होती. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढून कौन्सिलांत शिरायचे ठरवले होते. दुसरीकडे बहिष्कारावर ठाम राहिलेले लोक होते, त्यांना ‘नाफेरवादी’ म्हणत. कार्यकर्ते सैरभैर झाले होते. अशा वेळी मध्य प्रांतातल्या लोकांनी स्वतःच्या हिमतीवर एक लढा उभा केला. पुण्या-मुंबईहून आदेश आलेला नव्हता आणि गांधीजींना विचारायची सोय नव्हती. नागपूरचे हे स्वतंत्र पाऊल मला त्या सबंध काळातले सर्वांत धीराचे वाटते.

जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, १३ एप्रिलला, नागपुरात झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे निघाली. पोलिसांनी ती अडवली, लोकांना मारहाण झाली. मग १ मेपासून रीतसर सत्याग्रह सुरू करायचे ठरले आणि त्याची सूत्रे जमनालाल बजाज यांच्याकडे आली. वर्ध्याचे हे तेहतीस वर्षांचे सावकार-व्यापारी तोवर काँग्रेसचे खजिनदार झाले होते. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला जे ऐतिहासिक अधिवेशन भरले त्याचे स्वागताध्यक्ष तेच. सरकारने दिलेली रायबहादुरी त्यांनी परत केली होती. पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही असलेला माणूस पुढे उभा राहिला की बाकीच्यांच्या पायांत बळ येते, तसेच झाले.

सत्याग्रहाची पद्धत मुद्दाम साधी ठेवली होती. रोज एक छोटी तुकडी, साधारण दहा जणांची, शहरातून निघायची. हातात झेंडे, तोंडी घोषणा, अंगावर खादी. मे महिन्यातले नागपूरचे ऊन ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. डांबर नसलेल्या धुळीच्या रस्त्याने, लू अंगावर घेत ते सिव्हिल लाइन्सच्या हद्दीपर्यंत चालत जायचे. तिथे पोलीस उभे. परत फिरा म्हणून सांगायचे. स्वयंसेवक फिरायचे नाहीत. अटक, खटला, शिक्षा. बचाव नाही, वकील नाही. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. रस्त्याच्या दुतर्फा बघायला आलेल्या गर्दीने हात उचलायचा नाही हा नियम होता, आणि तो पाळला गेला. चौरीचौऱ्याचे भूत तेव्हा सर्वांच्याच मानगुटीवर होते. एक दगड फेकला गेला असता तरी सगळे कोसळले असते.

हा झेंडा बाळगायला कायद्याने कुठेच बंदी नव्हती. सरकारला झेंड्यावर बंदी घालायची नव्हती, कारण तसे केले तर त्याला राष्ट्रध्वजाचा मान दिल्यासारखे झाले असते. म्हणून मनाई मिरवणुकीला होती आणि तीही एका वस्तीपुरती. सत्याग्रहींनी नेमका हाच दुबळा सांधा हेरला. रस्ता सार्वजनिक आहे, कर सर्वांकडून वसूल होतो, मग राष्ट्राचे निशाण घेऊन शांतपणे चालायला साहेबाच्या वस्तीत मज्जाव का? या प्रश्नाला सरकारकडे प्रामाणिक उत्तर नव्हते. त्या सरकारात गृहखाते सांभाळत होते अमरावतीचे सर मोरोपंत जोशी, नेमस्त पक्षाचे नामवंत वकील. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या कारकिर्दीतल्या या दडपशाहीवर एका वऱ्हाडी माणसाची सही असावी, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना फार बोचली.

दर महिन्याची १८ तारीख तेव्हा ‘गांधी दिन’ म्हणून पाळली जायची. जूनच्या १८ तारखेला मोठ्या संख्येने स्वयंसेवक जमणार हे ओळखून सरकारने आदल्या दिवशीच घाव घातला. जमनालालजींना पकडले, त्यांच्याबरोबर आणखी कितीतरी जणांना. बाहेरगावाहून येणाऱ्यांची धरपकड झाली. जमनालालजींना पुढे अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरायचा नाही हा सत्याग्रहाचा शिरस्ता, म्हणून त्यांची मोटार जप्त झाली. नागपुरात तिचा लिलाव पुकारला तेव्हा बोली लावायला एकही माणूस पुढे आला नाही. शेवटी ती मोटार विकण्यासाठी काठेवाडात पाठवावी लागली. व्यापाऱ्यांच्या या गावात सवंग मिळणारी वस्तू घ्यायला कुणी हात पुढे केला नाही, यातच नागपूरची साक्ष आली.

त्याच धरपकडीच्या दिवसांत वर्ध्याच्या आश्रमातले एक सत्तावीस वर्षांचे कोकणस्थ ब्रह्मचारी तुरुंगात गेले. त्यांनी त्याच वर्षी जानेवारीत ‘महाराष्ट्र धर्म’ नावाचे मासिक सुरू केले होते आणि त्यात उपनिषदांवर लिहायला घेतले होते. शिक्षा झाली आणि मासिक बंद पडले. ते विनोबा भावे. नागपूरहून पुढे त्यांना अकोल्याच्या तुरुंगात हलवले गेले. उपनिषदांचा अभ्यासक एका झेंड्यासाठी कैदी होतो, यात विनोबांना काही विसंगती वाटली नाही. स्वधर्म कोणता हे त्यांनी मनाशी ठरवलेले होते. जबलपूरकडच्या सुभद्राकुमारी चौहान, पुढे हिंदीतल्या थोर कवयित्री म्हणून गाजलेल्या, यांनीही याच सत्याग्रहात अटक करवून घेतली. त्या वेळी त्या विशीही ओलांडलेल्या नव्हत्या.

तुरुंगातली कहाणी मात्र सगळीच उजळ नाही, आणि ती झाकायचे कारण नाही. घरून उत्साहाने आलेले पण कष्टाची सवय नसलेले, ज्यांना शिस्तीचे शिक्षण कुणी दिलेच नव्हते असे काही कैदी तुरुंगातल्या हालांनी खचले आणि माफी लिहून सुटले. एका गटाने मात्र माफीचे नाव काढले नाही. तो होता हुबळीचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांचा. अमेरिकेत शिकलेला, तिथे लाला लजपतरायांबरोबर काम केलेला हा डॉक्टर आपल्या सेवा मंडळाची पोरे घेऊन नागपूरला आला होता. या अनुभवातून एक गोष्ट सर्वांना कळून चुकली, की नुसता उमाळा पुरत नाही, कवायत लागते. त्याच वर्षी डिसेंबरात काकीनाडा अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाचा पाया घातला गेला, तो हर्डीकरांच्याच पुढाकाराने. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सर्वांनी जमून झेंड्याला वंदन करायचे, हा रिवाज सेवा दलाने गावोगाव नेला. आपण १५ ऑगस्टला सकाळी शाळेच्या पटांगणावर जे झेंडावंदन करतो त्याची एक मुळी नागपूरच्या तुरुंगात आहे.

जमनालालजी आत गेल्यावर लढा थंडावेल असा सरकारचा होरा होता. तो चुकला. जुलैत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठकच नागपुरात भरली आणि लढा सबंध देशाचा झाला. पुढारपण वल्लभभाई पटेलांकडे सोपवले गेले. गुजरातबाहेर त्यांनी हाताळलेला हा पहिला लढा. खेड्याच्या शेतकऱ्यांपासून बिहार, आंध्र, तमिळनाडूपर्यंतच्या स्वयंसेवकांनी गाड्या भरभरून येऊ लागल्या. ज्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता असे लोक नागपूरच्या रस्त्यावर अटक करवून घेत होते. वल्लभभाईंनी स्वतःला अटक होऊ दिली नाही. बाहेर राहून किती माणसे, कोणत्या दिवशी, कुठून पाठवायची याचा हिशेब ते ठेवत होते. पुढे बोरसद आणि बार्डोलीत जो सरदार दिसला त्याची घडण इथे झाली, असे मला वाटते. थोरले बंधू विठ्ठलभाई स्वराज्य पक्षाचे, म्हणजे दुसऱ्या गोटातले. पण तेही नागपूरला आले आणि सरकारशी बोलणी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. झेंड्याने त्या दुफळीवरही तात्पुरती मात केली.

ऑगस्टपर्यंत दीड हजारांहून जास्त माणसे तुरुंगात पोहोचली होती. तुरुंगांना जागा पुरेना, खटल्यांना मॅजिस्ट्रेट पुरेनात. कलम १४४ चा हुकूम दोन महिन्यांचा असायचा. जूनमध्ये काढलेल्या हुकमाची मुदत ऑगस्टच्या मध्यावर संपत होती. पटेल बंधू गव्हर्नरांना भेटले. हुकूम पुन्हा काढला गेला नाही. १८ ऑगस्टला शंभर स्वयंसेवकांची मिरवणूक हाती चरख्याचे झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली. कुणी अडवले नाही. वल्लभभाईंनी त्याच वेळी सत्याग्रह संपल्याचे जाहीर केले. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैदी सुटले.

जिंकले कोण, यावर लगेच वाद माजला. सरकारचे म्हणणे, मिरवणुकीची माहिती आधी मिळाली होती, नियम पाळले गेले, म्हणून जाऊ दिले. काँग्रेसचे म्हणणे, परवानगी मागितलीच नव्हती. दोन्ही बाजूंनी पत्रके निघाली. आज शंभर वर्षांनी बघताना मला त्या शाब्दिक झुंजीत फारसा रस वाटत नाही. जो हुकूम मोडल्याबद्दल दीड हजारांवर माणसे आत टाकली तो हुकूम सरकारने मरू दिला, आणि ज्या रस्त्यावर झेंडा चालू शकत नव्हता तिथून तो चालत गेला. तडजोड झाली असेल, पण तिचा उतार कुणाच्या बाजूला होता हे उघड आहे.

नागपूरनंतर त्या कापडाचा दर्जाच बदलला. दुसऱ्याच वर्षी, १९२४ मध्ये, कानपूरच्या श्यामलाल गुप्त ‘पार्षद’ यांनी झेंड्याचे ते गाणे लिहिले जे पुढे देशभर प्रभातफेऱ्यांत गायले गेले. रंगांच्या धार्मिक अर्थाबद्दल मात्र कुरबुर चालूच राहिली. १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची ध्वजसमिती नेमली. वल्लभभाई, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या यांच्याबरोबर तीत आपले काका कालेलकर होते आणि नागपूरच्या तुरुंगातून तावून निघालेले डॉ. हर्डीकरही. समितीने सुचवला एकरंगी केशरी झेंडा, त्यावर चरखा. तो मान्य झाला नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम आणि मधल्या पांढऱ्यावर निळा चरखा ठरला. रंग आता जातिधर्मांचे नव्हेत तर त्याग, शांती, श्रद्धा या गुणांचे, असा खुलासाही झाला. नागपूरच्या सत्याग्रहींनी खांद्यावर वाहिलेला वरचा पांढरा पट्टा मध्ये आला, लालाचे केशरी होऊन ते वर गेले.

पुढच्या काळात झेंड्यासाठी रक्त सांडले. १६ ऑगस्ट १९४२ ला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले आणि गोळीबार झाला. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताने हातातला झेंडा सोडला नाही म्हणून छातीवर गोळ्या घेतल्या. तो शाळकरी मुलगा होता.

२२ जुलै १९४७ ला घटना समितीत नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालच्या ध्वजसमितीत डॉ. आंबेडकरही होते. चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आले. नेहरूंनी त्याचे कारण सांगितले ते शिवणाऱ्या माणसालाही पटावे असे: चरख्याच्या एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती, त्यामुळे झेंड्याच्या दोन बाजू एकसारख्या दिसत नाहीत. चाक ठेवले, चाती आणि माळ काढली. गांधीजींना हे रुचले नव्हते, चरखा नसेल तर त्या झेंड्याला आपण वंदन करणार नाही इथपर्यंत ते बोलले होते. ठराव एकमताने मंजूर झाला. झेंड्यावर बोललेल्या सदस्यांत जबलपूरचे शेठ गोविंददास होते, ज्या गावच्या टाऊन हॉलवरून हे सारे सुरू झाले होते त्या गावचे.

खादी मात्र राहिली, आणि ती कायद्यात शिरली. राष्ट्रध्वज हातसुताचा, हातमागाचाच असला पाहिजे, असा नियम २०२१ पर्यंत होता; लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२; कापडाचे वजन, धाग्यांची संख्या, रंगाचा पक्केपणा हे सारे भारतीय मानकात नेमून दिले गेले. असे प्रमाणित ध्वज मोठ्या प्रमाणावर बनतात ते हुबळीजवळच्या बेंगेरीला, हर्डीकरांच्याच मुलखात. आपल्याकडे नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती हे काम करते. २००२ च्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकाला वर्षभर घरावर तिरंगा लावण्याचा हक्क दिला. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. घरोघरी झेंडा पोहोचावा ही इच्छा चांगलीच आहे. पण पॉलिएस्टरची मुभा देताना १९२३ ची आठवण कुणी काढली नाही याचे मला दुःख आहे. त्या उन्हाळ्यात जी माणसे सिव्हिल लाइन्सकडे चालली त्यांच्या हातातला झेंडा त्यांच्यासारख्याच कुणीतरी कातलेल्या सुताचा होता, आणि सरकारला नेमकी तीच गोष्ट सहन होत नव्हती. नागपूर विदर्भातल्या कापसाच्या प्रदेशाचे केंद्र आहे. या शहराने निदान आपल्या सार्वजनिक इमारतींवर तरी फक्त हातसुताचाच झेंडा लावायचा ठराव करावा, असे मी इथल्या महापालिकेला आणि विद्यापीठाला मनापासून सुचवतो.